नंबर गेला की

१४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मी, तुझा थोरला भाऊ, वय सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, मालवाहतूक विम्याच्या कचेरीत दावे-तपासनीस, हे पत्र दोन कारणांसाठी लिहीत आहे. एक, माझ्या लेकीच्या प्रकृतीचे खरे वर्तमान कळावे. दुसरे, माझ्या नातीच्या डोळ्यांविषयी तुझे मत मिळावे. लेक रक्ताच्या आजारावरील उपचारांसाठी तुझ्या घरी राहते आहे आणि तू स्वतः डोळे तपासण्याचे काम करतेस, तेव्हा दोन्ही उत्तरे एकाच ठिकाणी मिळण्यासारखी आहेत. यातले बरेचसे तुला ठाऊक आहे. पण सुरुवात नीट केली नाही तर मला पुढे लिहिता येत नाही.

घरात फोन असताना पत्र का, असे तू विचारशील. आमच्या दोन खोल्या तू पाहिल्या आहेस. मी फोन उचलला की खारू माझ्या कोपराला येऊन चिकटते. ‘आई आहे का? काय म्हणते?’ मग मला आडून आडून बोलावे लागते, आणि ती विद्या मला या जन्मात साधलेली नाही.

आता डोळ्यांविषयी. शाळेतून तक्रार आली की खारू फळ्यावरून उतरवून घेताना शब्दांवर रेघ देत नाही. बाईंनी वहीत लाल शाईने लिहिले, ‘शब्दांना डोकी नाहीत.’ मी तिला समोर बसवून विचारले. ती म्हणाली, “फळ्यावर पण नाहीयेत, आजोबा. बाई खोटं बोलतात.” मी कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे नेले, त्याने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. निदान असे: दृष्टिवैषम्य; उजव्या डोळ्यात किरकोळ, डाव्यात बरेच. उभ्या रेघा तिला ठळक दिसतात, आडव्या पुसट. आता चष्मा आहे, आणि डावा डोळा आळशी राहू नये म्हणून रोज दुपारी उजव्यावर पट्टी.

माझा प्रश्न सरळ आहे. खारू सहा वर्षांची आहे. डोळा वाढत जाईल तसा हा नंबर कमी होईल, की वाढेल, की तेवढाच राहील? मला ‘बघू’ हे उत्तर नको.

प्रश्न विचारण्याचे कारणही लिहितो. खारूचे वडील ती तान्ही असतानाच वेगळे झाले, तिची आजी त्याही आधी गेली. तिचे सारे जग म्हणजे तिची आई. नवा चष्मा लागला त्याच आठवड्यात लेक तुझ्याकडे यायला निघाली. खारू तिच्या ओढणीचे टोक सोडेना. तेव्हा लेक म्हणाली, “हे बघ, तुझा नंबर गेला की आई आलीच म्हणून समज.” मला म्हणाली, “बाबा, तुम्ही माझ्यामागे येऊ नका. तिच्या डोळ्याला हीच वर्षं आहेत. मला नंतरही भेटता येईल.” मी तिचे ऐकले.

तुझा,
दादा

•

२३ जून

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

मी, तुझी धाकटी बहीण, वय विचारू नये, हे पत्र तुझी थट्टा करण्याच्या हेतूने लिहिते आहे. अरे दादा, पत्राच्या सुरुवातीला स्वतःची ओळख कोण देतं? पाळण्यातून तुला बघतेय मी! भाचीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “आत्या, शाळेत प्रगतिपुस्तकावर सही करतानासुद्धा बाबा आधी ‘वाचले, तपासले’ असं लिहायचे.”

आता तुझा प्रश्न. डोळ्याचा पुढचा काचेसारखा पडदा चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल असावा. तो अंड्यासारखा एका बाजूनं जास्त वाकलेला असला, की एका दिशेच्या रेघा नीट उमटतात, दुसऱ्या दिशेच्या फिसकटतात. तान्ह्या बाळांत हे बरंच असतं. डोळा वाढतो तसा पडदा पसरतो आणि पुष्कळांचं आपोआप कमी होतं. पण ही उतरण बहुतेक शाळेत जायच्या आधीच होते. खारूच्या वयाला जे उरलेलं असतं ते बऱ्याचदा तसंच राहतं. थोडं खाली, थोडं वर. क्वचित कुणाचं वाढतं. तुला ‘बघू’ नको आहे, पण ज्या डोळ्याबद्दल तू विचारतोस तो अजून वाढतोच आहे. मी त्याच्या वतीनं सही कशी करू?

आणि दादा, नंबर महत्त्वाचा नाही. चष्म्यातून स्वच्छ चित्र आत गेलं तरी डाव्या डोळ्याकडून ते वाचून घ्यायला मेंदूला शिकावं लागतं. सातआठ वर्षांपर्यंत तो भराभर शिकतो, पुढे कंटाळतो. म्हणून पट्टी चुकवू नकोस. सोबत आमच्याकडचा अक्षरांचा तक्ता पाठवते आहे, शाळांमधून हाच असतो. घरातल्या बोळात टांग. महिन्यातून एकदा चष्मा लावून, उजवा डोळा झाकून वाचून घे आणि कळव.

भाचीची प्रकृती स्थिर आहे. नवीन औषध सुरू झालं. काल खिडकीपर्यंत चालत गेली.

तुझी,
धाकटी

•

२१ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

मी, तोच, त्याच हुद्द्यावर, मासिक वर्तमान कळवण्यासाठी लिहीत आहे.

तक्ता बोळाच्या टोकाला लावला. अंतर टेपने मोजले, उंची खारूच्या डोळ्यांना धरून ठेवली, वर दिवा बसवला. स्वयंपाकघरातून, मोरीतून, पलंगावरून, कुठूनही तो दिसतो. चष्मा लावून डाव्या डोळ्याने तिने तीन ओळी वाचल्या. चौथीला ‘मुंग्या आहेत’ म्हणाली.

पट्टीवरून रोज रणकंदन. माझी कचेरी सुटेपर्यंत ती समोरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे असते. काकू म्हणाल्या, “आली का माझी चाचेगिरी करणारी? आज कुठलं जहाज लुटलंस?” तेव्हापासून पट्टी थोडी सुसह्य झाली. पट्टी लावून ती काकूंची बटणे दोऱ्यात ओवते. काकूंचा आग्रह की बटणे काळीच द्यायची, पांढऱ्या कापडावर सापडायला सोपी. डाव्या डोळ्याला तेवढाच व्यायाम.

तिचा रोजचा प्रश्न मात्र एकच. “आज गेला का नंबर?” मी सांगितले, नंबर एका दिवसात जात नाही. तिने विचारले, “मग कोण वाचून बघतं, गेला की नाही ते?” मी म्हणालो, “तूच वाचतेस. खालपर्यंत वाचता आलं की गेला.” मला वाटते उत्तर बिनचूक होते.

आता तुझ्या पत्रातला एक शब्द. ‘स्थिर’. खारूचा नंबर तसाच राहील हे तू थोड्या निराशेने लिहितेस, आणि लेकीची प्रकृती तशीच आहे हे आनंदाने. एकाच अर्थाचे शब्द एकदा जमेला आणि एकदा नावे कसे पडतात? कोणत्या पातळीवर स्थिर, ते लिही. ती खिडकीपर्यंत चालत गेली असे तू कळवलेस. परत चालत आली का?

तुझा,
दादा

•

४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न.

तू माणसांच्या बोलण्याचेसुद्धा दावे तपासतोस. स्थिर म्हणजे आज कालच्यासारखी. इथले डॉक्टर तोच शब्द वापरतात, मी तोच पुढे ढकलला.

परत येताना मी धरलं होतं.

केस गेलेत. ती म्हणते, पावसाळ्यात बरं, वाळवायला नकोत. खाणं थोडं. संध्याकाळी मी कामावरून आले की पर्स ठेवायच्या आत विचारते, “बाबांचं पत्र?” आपल्याविषयी काही विचारत नाही, फक्त कितवी ओळ ते विचारते. ‘मुंग्या’ वाचून फार हसली. म्हणाली, तिच्याही डोळ्यांना लहानपणी तिथूनच मुंग्या लागायच्या.

तुझा तक्ता लावण्याचा थाट वाचून आमच्या विभागात सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, रुग्णाच्या घरचे असे असावेत.

तुझी,
धाकटी

•

१६ सप्टेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

मी, तुझा थोरला भाऊ, एक आनंदाची वार्ता कळवण्यासाठी लिहीत आहे!

उद्गारचिन्ह विचारपूर्वक दिले आहे. खारूने काल डाव्या डोळ्याने सातही ओळी वाचल्या. चष्म्याने वाचल्या, आणि मग “आता बघा” म्हणून चष्मा काढूनही वाचल्या. एकही अक्षर चुकले नाही. मी पट्टी स्वतः लावली होती, कडा दाबून पाहिल्या होत्या. माझा विश्वास बसेना. पण याच आठवड्यात शाळेत तपासणी झाली. तिथल्या परिचारिकेसमोरही तिने शेवटची ओळ घडाघडा म्हटली. परिचारिकेने शेरा दिला: दृष्टी समाधानकारक.

तू लिहिलेच होतेस की डोळा वाढतो तसे पुष्कळांचे कमी होते. खारू त्या पुष्कळांत निघाली म्हणायची.

काकूंनी तिला उचलून फिरवले. ती खाली उतरली आणि गंभीरपणे म्हणाली, “आता आईला कळवा.” तेव्हा तू लेकीला कळव. चष्मा आणि पट्टी पुढे चालू ठेवायची का, तेही लिही. खारूच्या मते दोन्हींचे काम संपले आहे. तिने आईची उशी उन्हात टाकून परत पलंगावर आणून ठेवली आहे.

तुझा,
दादा

•

२५ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र आलं त्या दिवशी इथे बरंच काही चाललं होतं, म्हणून उत्तराला उशीर झाला. इतक्या थोड्या अवधीत एवढा फरक मी फार पाहिलेला नाही. एरवी मी म्हटलं असतं, आधी डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घे. पण शाळेतही तसंच आलं म्हणतोस. तर महिनाभर दोन्ही काढून बघ, मग पुन्हा दाखव. खरं सांगते, या घरात एक तरी चांगली बातमी खरी असावी असं मला वाटतंय.

भाचीला पत्र वाचून दाखवलं. उद्गारचिन्हसुद्धा दाखवलं. ती हसली, मग तिला धाप लागली. मग म्हणाली, “आत्या, तक्ता कुठला?” मी म्हटलं, आपलाच, मी पाठवलेला. “बदलला नाही?” मी म्हटलं, एकच तर आहे. नंतर ती बराच वेळ डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली.

दादा, रजा मिळत असेल तर ये. खारूला काकूंकडे ठेवता येईल. स्थिर या शब्दावर तू मला पुन्हा प्रश्न विचारू नयेस म्हणून तो मी या पत्रात वापरलेला नाही.

धाकटी

•

२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न.

तू परत गेल्याला आता बरेच दिवस झाले. तू आलास तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, आणि नंतर आपल्या दोघांना. स्मशानातून आल्यावर तू माझ्या खोलीतलं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे म्हणून लावलंस आणि बॅग उचललीस. मी तुला थांबवलं नाही. तेव्हा सांगायचं राहिलं ते आता लिहिते.

तू येण्याच्या आदल्या संध्याकाळी तिला जरा तरतरी आली. मला जवळ बोलावून म्हणाली, “आत्या, तिनं तक्ता पाठ केलाय.” मी म्हटलं, काहीतरीच काय, दादा स्वतः पट्टी लावतो. तर म्हणाली, “पट्टी दुपारी आणि वाचायच्या वेळी असते. तक्ता दिवसभर समोर असतो, उजवा डोळा एरवी उघडाच असतो. मीसुद्धा केला होता पाठ. सहावीत. चष्मा नको होता म्हणून. बाबांना अजून माहीत नाही.” एवढं बोलून तिला हसू आलं. तुला फसवल्याचं इतक्या वर्षांनी हसू येत होतं तिला.

मग म्हणाली, “पण तिला चष्म्याचा कंटाळा नाहीये. मी जाताना जे बोलले, त्यासाठी केलंय तिनं. उगाच बोलले मी. तिची समजूत घालायची होती, तोंडाला आलं ते बोलले. तिला सांगा, नंबराचा आणि माझ्या येण्याचा काही संबंध नव्हता. आणि बाबांना सांगा, नवी अक्षरं काढा.”

इतकी वर्षं मुलांचे डोळे तपासते आहे. तक्ता पाठ करणारी मुलं दर आठवड्याला माझ्यासमोर बसतात, म्हणून तर आम्ही तक्ते फिरवतो. घरात एकच तक्ता सदानकदा टांगून ठेवायला मी तुला सांगितलं, आणि चष्मा काढायलाही मीच सांगितलं. याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण लिहिलं तर तू मला धीर देशील.

चष्मा आणि पट्टी आजपासून चालू कर. खारूला आईबद्दल सांगितलंस का?

धाकटी

•

१७ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले तोपर्यंत मी खारूला सांगितले नव्हते. परत आलो तेव्हा ती दारात उभी होती, चष्मा नाही, पट्टी नाही. माझ्या मागे जिन्याकडे बघत म्हणाली, “आई मागून येतेय?” मी म्हणालो, तिथले काम अजून संपलेले नाही. इतकी वर्षे लोकांच्या जबान्या घेतो. पण स्वतःची एक सरळ जबानी मला देता आली नाही. काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि त्या शिवणयंत्राकडे वळल्या.

पुढे रोज ती शाळेतून आली की जिना ऐकत बसे. प्रश्न विचारणे तिने बंद केले होते. ते मला बरे वाटले, हीसुद्धा माझी चूकच.

तुझे पत्र खिशात घेऊन मी दोन दिवस वावरलो. तिसऱ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, मी दाढी करत असताना खारू मोरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. चष्मा घातलेला. उजव्या काचेच्या आत पट्टी तिने स्वतःच लावली होती, तिरकी, अर्धी भुवईवर. म्हणाली, “आजोबा, मला नंबर आहे.”

मी वस्तरा खाली ठेवला.

“मी फसवलं. मला नाही दिसत खालचं. मी ते उजव्या डोळ्यानं बघून पाठ केलं होतं. शाळेत पण तोच होता म्हणून आलं.” मग एकदम, “म्हणून आई येत नाहीये ना? तिला कळलं ना?”

तेव्हा मला उमगले की इतके दिवस ही मुलगी जिना ऐकत नव्हती. शिक्षा ऐकत होती.

धाकटे, तू मला ओळखतेस. मला गोष्टी रचता येत नाहीत. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो, अर्ध्या तोंडाला साबण तसाच, आणि तिला सांगितले की आई वारली. तिने विचारले, “वारली म्हणजे येणारच नाही?” मी म्हणालो, “नाही.” “कधी?” मी वार सांगितला. “तेव्हा मी काय करत होते?” काकूंनी सांगितलेले आठवून मी म्हणालो, “काकूंकडे बटणं ओवत होतीस.” तिने ते मान हलवून मान्य केले. जणू त्या वेळी ती कुठे होती एवढेच तिला नक्की करून हवे होते.

मग मी तुझे पत्र काढले आणि लेकीचे शब्द जसेच्या तसे वाचले. ‘नंबराचा आणि माझ्या येण्याचा काही संबंध नव्हता.’ खारूने पुन्हा वाचायला लावले. “आईला कळलं होतं मी पाठ केलंय ते?” “कळलं होतं.” “ती रागावली?” “हसली. तिनंही लहानपणी तेच केलं होतं.” “तुम्हाला फसवलं?” “हो. मलाच.” तिच्या तोंडावर काहीतरी आले आणि गेले. हसूच असावे.

तरी तिची खात्री पटेना. “नक्की माझ्यामुळे नाही?”

मी म्हणालो, “खारू, माझं काम काय आहे माहीत आहे ना? माल फुटतो, भिजतो, हरवतो. मग सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. नुकसान कशामुळे झालं ते मी ठरवतो, आणि मी ठरवलं की मग कुणी कुणाला विचारत नाही. आईचा आजार तुझ्या चष्म्याच्या आधीपासून होता. औषधं हरली. यात तुझा भाग काही नाही. हा माझा निर्णय आहे.”

“लिहून देता?”

मी लिहून दिले. कचेरीतल्यासारखेच, खाली सही केली. तिने चष्म्याची काच फ्रॉकने पुसली, कागद डाव्या डोळ्याशी धरला आणि एकेक अक्षर लावत वाचला. ‘नाही’ या शब्दावर बोट ठेवून थांबली. मग रडली. तोपर्यंत रडली नव्हती. काकू आवाज ऐकून आल्या आणि तिला घेऊन बसल्या. मी उरलेली दाढी केली, कारण काय करावे ते मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. चष्म्याविना आठवडे फुकट गेले, पण वेळ गेलेली नाही असे ते म्हणतात. डाव्या डोळ्याचा नंबर आहे तेवढाच आहे. तो कमी होईल का, असे मी या वेळी विचारले नाही. वाढत्या डोळ्याच्या वतीने कुणी सही करू शकत नाही, हे तू लिहिले होतेस.

तक्ता काढला. त्याच्या पाठीवर मी तेवढ्याच मापाची दुसरी अक्षरे काढली. दर महिन्याला नवी काढीन, आणि वाचायची वेळ सोडून तो कपाटात राहील. काल पहिली तपासणी झाली. खारूने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरी अडखळत वाचली. चौथीशी थांबली. तिने माझ्याकडे वळून विचारले, “दिसत नाही म्हटलं तर चालेल?”

मी म्हणालो, “चालेल.”

“मग नाही दिसत.”

पत्रासोबत तिची चिठ्ठी आहे. तिने ती स्वतः लिहिली, पट्टी लावून. ‘आत्याआजी मला तिसरी ओळ दिसते. चौथी दिसत नाही. आई वारली.’ या वेळी प्रत्येक शब्दावर रेघ आहे. ती तिने माझ्या कचेरीच्या पट्टीने आखली, आणि शब्द संपले तरी थांबवली नाही; प्रत्येक रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली आहे. मी त्या तशाच ठेवल्या आहेत.

या पत्राच्या आरंभी मी स्वतःची ओळख दिली नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. ती इथे देतो.

खारूचा आजोबा,
तुझा दादा

बोळातले टेबल, घरी
१७ नोव्हेंबर